पाहुण्याचे आडनाव, घराची स्वच्छता आणि मी दिलेला नकार

ओसरी

नमस्कार. कॅलिफोर्नियात, बे एरियात, आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक लहानसे स्वतंत्र घर आहे. एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर आणि पुढे दोन खुर्च्या मावतील एवढी पडवी. ते आम्ही सासूबाईंसाठी बांधले होते. त्या कायमच्या साताऱ्याला परतल्यावर गेली चार वर्षे आम्ही ते दोन-चार रात्रींसाठी येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देतो. हा धागा काढावा की नाही याचा मी बरेच दिवस विचार करत होते, कारण त्यात मला माझ्या हातून घडलेली चूक सांगायची आहे आणि पुढे काय करावे याविषयी तुमचे मतही हवे आहे.

मे आणि जून हे इकडे पदवीदान समारंभांचे दिवस. मुलांच्या समारंभासाठी भारतातून आई-वडील येतात आणि आमच्यासारख्या घरांना मागणी वाढते. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे लागोपाठ तीन भारतीय कुटुंबे राहून गेली. पहिल्यांनी न्हाणीघरात, टबाच्या बाहेर उभे राहून, आपल्याकडे करतात तशी अंघोळ केली असावी. इकडच्या न्हाणीघराच्या जमिनीला पाणी जायला मोरी नसते, त्यामुळे ते पाणी उंबऱ्यावरून खोलीत आले आणि दाराजवळच्या लॅमिनेटच्या दोन पट्ट्या फुगून वर उचलल्या गेल्या. दुसऱ्या कुटुंबामागे पांढऱ्या दुलईवर तळहाताएवढा हळदीचा डाग राहिला. मी घाईघाईने साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक झाला. तिसऱ्या कुटुंबाची गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. फोडणीच्या धुराने अलार्म वाजू लागला म्हणून त्यांनी तो छतावरून काढून खणात ठेवून दिला, आणि लहान मुलासह ते चार रात्री अलार्मशिवाय झोपले. सफाईला येणाऱ्या बाई तासावर पैसे घेतात आणि तिन्ही वेळा त्यांना जास्तीचा वेळ लागला.

यानंतर दोन विनंत्या आल्या. दोन्ही आडनावे भारतीय होती, त्यातले एक तर अस्सल कोल्हापूरकडचे. मी दोघांनाही "घरात दुरुस्तीचे काम निघाले आहे" असे लिहून नकार कळवला. त्याच संध्याकाळी त्याच तारखांसाठी आलेली तिसरी विनंती मी स्वीकारली. आडनाव पाहिले आणि बोट आपोआप नकाराकडे गेले. मी स्वतः मराठी, माझ्या घरात रोज फोडणी होते, माझ्याही ओढणीला हळदीचे डाग आहेत. तरीही मी हे केले. माझ्या पतींचे म्हणणे आहे की आपले घर, आपला निर्णय, यात कुणावर अन्याय होत नाही. मला मात्र तेव्हापासून चैन नाही. घराची काळजी आणि भेदभाव यांच्यामधली रेघ नेमकी कुठे ओढायची?

निरांजन

ओसरीताई, तुम्ही स्वतःला फार दोष देत आहात असे मला वाटते. मी टेक्सासमध्ये दोन घरे अशीच देतो. घराचे कर्ज आम्ही फेडतो, विमा आम्ही भरतो, जमीन फुगली तर सुताराला पैसेही आम्हीच देतो. लागोपाठ तीन वेळा अनुभव आल्यावर माणूस सावध होणारच. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणाऱ्याला आपण दुष्ट म्हणत नाही. शिवाय तुम्ही स्वतः भारतीय आहात, त्यामुळे याला वंशद्वेष तरी कसे म्हणणार? पाहुणा निवडण्याचा एवढाही हक्क उरणार नसेल, तर सामान्य माणसाने आपले घर परक्यांना उघडून द्यावेच कशाला, हा प्रश्न मी मनापासून विचारतो आहे.

दीपस्तंभ

निरांजन यांचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही; परंतु भाडेकरूंना मदत करणाऱ्या एका संस्थेत काही वर्षे स्वयंसेवक म्हणून काम केले आहे.

आधी कायद्याचे पाहू. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश या कारणांवरून निवासाच्या ठिकाणी कुणाला नाकारण्यास बंदी घातली. मालक स्वतः त्याच इमारतीत राहत असेल आणि भाड्याच्या खोल्या पाचांपेक्षा जास्त नसतील, तर त्या कायद्यातून सूट आहे, आणि अनेक यजमान या सुटीचा आधार घेऊन निर्धास्त राहतात. परंतु कॅलिफोर्नियाचा स्वतःचा १९५९ पासूनचा अनरुह कायदा आहे. तो राज्यातल्या सर्व प्रकारच्या व्यवसायांना लागू होतो, त्यात मूळ देशाबरोबर पूर्वजांचाही उल्लेख आहे, आणि प्रत्येक उल्लंघनासाठी किमान ४,००० डॉलरची भरपाई ठरलेली आहे. पाहुण्यांकडून नियमितपणे पैसे घेऊन घर देणे हा व्यवसायच आहे. आपण स्वतः त्याच समाजाचे आहोत, ही सबबही चालत नाही. माणूस आपल्याच गटातल्या लोकांशी भेदभाव करणार नाही असे गृहीत धरता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोकरीविषयक खटल्यांत, १९९८ च्या एका निकालातही, स्पष्ट केले आहे.

हे केवळ पुस्तकातले कलम नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये लॉस एंजेलिसमधील कायद्याची एक विद्यार्थिनी मित्रमंडळींसह बिग बेअरच्या डोंगरात बर्फ पाहायला निघाली होती. ती जवळपास पोहोचलेली असताना घरमालकिणीने एअरबीएनबी या घरे भाड्याने देण्याच्या संकेतस्थळावरचे तिचे आरक्षण रद्द केले आणि कारण म्हणून एकच शब्द लिहिला: आशियाई. बर्फ पडत असताना रस्त्याच्या कडेला उभ्या राहून रडणाऱ्या त्या मुलीची चित्रफीत जगभर पाहिली गेली. त्या मालकिणीला पुढे राज्याच्या यंत्रणेपुढे झालेल्या समझोत्यात ५,००० डॉलर भरावे लागले आणि आशियाई-अमेरिकन अभ्यासाचा महाविद्यालयीन वर्ग पूर्ण करण्याचे मान्य करावे लागले. ताईंनी दिलेला नकार सौम्य शब्दांत होता हे मला मान्य आहे. पण ज्याला नकार मिळाला त्याच्या हाती दोन्हीकडे सारखेच काही आले नाही, आणि तुमच्या पाहुण्याला तर खरे कारणही कळले नाही.

संशोधनही याच दिशेने बोलते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पाच शहरांमध्ये एअरबीएनबीवरच्या सुमारे ६,४०० घरांना काल्पनिक पाहुण्यांच्या नावाने विनंत्या पाठवल्या. बाकी सारा मजकूर सारखाच होता, फक्त नावे वेगळी होती. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के होकार आले, तर कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना सुमारे ४२ टक्के. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो त्याआधीच चर्चेत आल्यामुळे आणि पाहुण्यांनी आपले अनुभव उघड मांडल्यामुळे कंपनीने १ नोव्हेंबर २०१६ पासून प्रत्येक सदस्याकडून भेदभाव न करण्याचे वचन घेणे सुरू केले, आणि २०१८ पासून आरक्षण पक्के होईपर्यंत पाहुण्याचे छायाचित्र यजमानाला दाखवणे बंद केले. ओरेगन राज्यातल्या पाहुण्यांच्या बाबतीत तर जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून पूर्ण नावाऐवजी केवळ आद्याक्षरे दाखवण्यात येऊ लागली. ताई, तुमचे बोट आडनावावर आपोआप गेले असे तुम्ही लिहिले आहे. नाव झाकण्याची वेळ का आली, ते त्या वाक्यातच आहे.

आणखी एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात असे आढळले की ज्या पाहुण्याच्या खात्यावर आधीच्या यजमानाचा एक जरी चांगला अभिप्राय असेल, त्याच्या बाबतीत नावामुळे पडणारा फरक जवळजवळ नाहीसा होतो. माहिती नसते तिथेच आडनाव पुढे येऊन बसते. त्या तीन कुटुंबांविषयी तुम्ही काय अभिप्राय लिहिलात?

पागोळी

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. आम्ही जर्मनीत राहतो आणि सुट्टीत अशाच घरांमध्ये उतरतो. दोन वर्षांपूर्वी आई-बाबा आले असताना आम्ही डोंगरातले एक घर मागितले. यजमानांचा उलट प्रश्न आला: "आपण भारतीय जेवण शिजवणार आहात का? मागच्या वेळी वास आठवडाभर गेला नव्हता." मागच्या वेळी आम्ही तिथे गेलोच नव्हतो. दुसऱ्या कुणाच्या तरी फोडणीचा जाब आम्हाला विचारला जात होता. मी ते घर सोडले आणि दुसरे घेतले, पण आईला तो निरोप वाचून दाखवण्याची चूक केली. निघायच्या दिवशी पहाटे पाच वाजता मला जाग आली, तेव्हा आई गुडघ्यांवर बसून त्या परक्या घराची फरशी पुसत होती. ओटा आणि सिंक तिने आधीच घासून लख्ख केले होते. "आपल्यामागे कुणी काही बोलायला नको," एवढेच ती म्हणाली. तिचे वय तेव्हा सदुसष्ट होते. आम्ही सफाईचे वेगळे पैसे भरलेले होते.

स्वित्झर्लंडमधली दोन उदाहरणे यजमानांनी मुद्दाम लक्षात ठेवावीत. ऑगस्ट २०१७ मध्ये आरोसा गावातल्या एका निवासगृहात "आमच्या ज्यू पाहुण्यांसाठी" असा मथळा देऊन, पोहण्यापूर्वी आणि पोहून झाल्यावर अंघोळ करा, अशी सूचना लावली होती. इस्राएल सरकारने त्याचा जाहीर निषेध केला आणि ती काढावी लागली. २०१९ मध्ये ग्श्टाडच्या एका हॉटेलात भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना उद्देशून लावलेल्या सूचनेचे छायाचित्र आपल्याकडे सर्वत्र फिरले: न्याहारीच्या टेबलावरचे पदार्थ बरोबर नेऊ नका, बाहेरच्या मार्गिकेत मोठ्याने बोलू नका. पोहण्यापूर्वी अंगावर पाणी घेणे हा योग्यच नियम आहे, आणि न्याहारीचे डबे भरून नेऊ नयेत हेही बरोबर. तोच कागद "सर्व पाहुण्यांसाठी" म्हणून लावला असता तर कुणाला काही वाटले नसते. मथळ्यात देशाचे किंवा धर्माचे नाव येताच, न्हाऊनच खाली उतरलेल्या पाहुण्यालाही तुम्ही घाणेरडे ठरवता.

ताई, हळदीविषयी: साबणातल्या क्षारामुळे हळद लाल होते, आपण लहानपणी हळदीत चुना घालून कुंकवासारखा रंग करायचो तसेच. आता साबण न लावता भरपूर साध्या पाण्यात खळबळून दुलई कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

ओसरी

दीपस्तंभ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना मला संकोच वाटतो. त्या तिन्ही कुटुंबांविषयी मी "उत्तम पाहुणे" असेच लिहिले होते. आपली माणसे, परदेशात कशाला त्यांचे नाव खराब करायचे, अशा भिडेने लिहिले. म्हणजे ज्यांच्याविषयी खरे लिहायला हवे होते त्यांच्याविषयी मी गोड लिहिले, आणि ज्यांना मी कधी पाहिलेही नव्हते त्यांना त्याची शिक्षा दिली. अलार्म काढून ठेवल्याचेसुद्धा मी कुणाला कळवले नव्हते.

पागोळी, तुमच्या आईंचे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

काल सफाईच्या बाईंबरोबर चहा घेत बसले. त्या मूळच्या मेक्सिकोतल्या, आणि आमच्याबरोबर अन्य पाच-सहा घरांची कामे करतात. त्या प्रत्येक घराची वही ठेवतात, किती वाजता आत गेल्या, किती वाजता बाहेर पडल्या, काय जास्तीचे करावे लागले. आमच्या घराची वही आम्ही दोघींनी पहिल्या पानापासून वाचली. चार वर्षांतली सर्वांत वाईट सफाई एका लग्नाच्या पार्टीनंतरची होती. तेव्हा गालिच्यावर मेणबत्त्यांचे मेण सांडले होते आणि पडवीत फुटलेल्या बाटल्या होत्या. पाहुणे याच राज्यातले, इथेच जन्मलेले होते. दुसऱ्या एका कुटुंबाने परवानगी न विचारता दोन कुत्री आणली होती आणि सोफ्यावरचे केस काढायला अर्धा दिवस गेला होता. हे दोन्ही प्रसंग मला आठवत होते, पण "या राज्यातले लोक असेच" असा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. शिवाय त्याच वहीत चार भारतीय कुटुंबे अशी निघाली की त्यांच्यापुढे बाईंनी केवळ एक बरोबरची खूण केली आहे. ती मला आठवतच नव्हती. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरे, पण ती त्या एका पातेल्यातल्या भाताची. मी एका शितावरून साऱ्या गावाचा भात कच्चा ठरवला.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, तुमच्या न्हाणीघरात पाणी सांडते ते माणसांमुळे नाही, तुमचा पडदा आखूड आहे आणि टबाचा काठ उंच आहे; वयस्कर माणसे टबात चढायला घाबरतात.

उत्तरवारा

ओसरीताईंच्या या शेवटच्या ओळीवरून मला ओतारूचा खटला आठवला. मी जपानमधल्या होक्काइदो बेटावर सात वर्षे राहिलो आहे आणि स्वच्छता व मूळ देश यांचा वाद याहून स्पष्टपणे मांडणारे दुसरे प्रकरण मला माहीत नाही.

ओतारू हे होक्काइदोवरचे बंदर. तिथे रशियन खलाशांची मोठी ये-जा असे. जपानी सार्वजनिक स्नानगृहात आधी बाहेर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचे असते आणि मगच सर्वांच्या सामाईक गरम पाण्यात उतरायचे असते. काही खलाशी दारू पिऊन येत, अंग न धुताच पाण्यात उतरत, आणि नेहमीची गिऱ्हाइके तक्रार करून येईनाशी होत. म्हणजे स्नानगृहाच्या मालकाची अडचण खरी होती, हे आधी मान्य करायला हवे. त्यावर त्याने दारावर पाटी लावली: परदेशी व्यक्तींना प्रवेश नाही.

१९९९ मध्ये काही मिश्र कुटुंबे मुद्दाम तिथे गेली. त्यांतल्या एका अमेरिकेत जन्मलेल्या गृहस्थांची पत्नी जपानी आणि दोन मुली होत्या. एक मुलगी दिसायला आईसारखी, दुसरी वडिलांसारखी. दोघी सख्ख्या बहिणी, दोघी जपानमध्ये वाढलेल्या, दोघींनाही अंघोळीची रीत सारखीच शिकवलेली. मोठीला आत घेता येईल, धाकटीला मात्र नाकारावे लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. त्याच गटातल्या एका चिनी स्त्रीला आधी आत घेतले होते, आणि ती चिनी आहे हे कळल्यावर तिलाही बाहेर जायला सांगितले. पुढे २००० मध्ये त्या गृहस्थांनी जपानचे नागरिकत्व घेतले आणि ते पुन्हा गेले. नागरिकत्वाचे कागद हातात असूनही चेहऱ्यामुळे त्यांना पुन्हा परत पाठवण्यात आले.

त्यांच्यासह तिघांनी खटला भरला. नोव्हेंबर २००२ मध्ये साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने प्रत्येकी १० लाख येन भरपाई देण्याचा आदेश स्नानगृहाला दिला. उपद्रव देणाऱ्या माणसाला अडवणे वेगळे आणि परदेशी दिसणाऱ्या प्रत्येकाला सरसकट नाकारणे वेगळे, दुसरे अवाजवी भेदभाव ठरते, असा त्या निकालाचा गाभा होता. पाणी स्वच्छ राखायचे होते ना? मग दारू प्यालेल्याला परत पाठवता आले असते, अंघोळीची रीत चित्रांसह रशियन भाषेत लावता आली असती. मालकाने ज्या रेघेवर माणसे अडवली तिचा साबणाशी काही संबंधच नव्हता.

जपानमध्ये आज घरगुती निवासासाठी वेगळा कायदा आहे. जून २०१८ पासून लागू झालेल्या त्या कायद्यानुसार घर वर्षात जास्तीत जास्त १८० दिवस देता येते. कचरा, आवाज अशा बाबतींतले नियम यजमानांनी पाहुण्यांना समजावून द्यायचे असतात, आणि मी पाहिलेले यजमान त्यासाठी चित्रांच्या सूचना लावत, कचरा कोणत्या पिशवीत, चपला कुठे, हे सारे. मी राहिलेल्या घरांमध्ये शौचालयाच्या चपला वेगळ्या ठेवण्याचेसुद्धा चित्र होते. पहिल्या दिवशी मी ते न पाहता त्याच चपलांनी जेवणघरात गेलो होतो.

सड्यावरची

मी गोव्यात पेडण्याकडे राहते. आमच्या घराच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतो, त्यामुळे सगळ्या गावांचे आणि देशांचे लोक येतात. आमच्या भागात "रशियन नकोत", "दिल्लीचे नकोत", "पुण्या-मुंबईची पोरे नकोत" हे तिन्ही मी यजमानांच्या तोंडून ऐकले आहे, आणि प्रत्येकाकडे तीन-तीन प्रसंग तयार असतात.

आमचा प्रश्न वाळूचा होता. पाहुणे समुद्रावरून यायचे ते तसेच न्हाणीघरात जायचे, आणि पंधरा दिवसांनी मोरी तुंबायची. सासरे म्हणायचे की गोऱ्यांना शिस्त नाही. मग नवऱ्याने बाहेरच्या जांभ्याच्या पायरीशी गुडघ्याएवढ्या उंचीवर नळ काढला, खाली चिरे बसवले, जवळ तांब्या ठेवला आणि आत येताना पायाखाली येईल असे काथ्याचे जाड पायपुसणे टाकले. पाटी लावली नाही. नळ समोर दिसला की लहान मूलसुद्धा पाय धुते. त्यानंतर मोरी वर्षातून एकदा साफ करतो. येणारे देश बदलले नाहीत.

भारतातल्या यजमानांसाठी एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरून परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते. आम्ही त्याला सी-फॉर्म म्हणतो. ही कटकट नको म्हणून लहान यजमान परदेशी पाहुणे टाळतात आणि कारण मात्र स्वच्छतेचे सांगतात. फॉर्म भरायला मला दहा मिनिटे लागतात. ते काम जमत नसेल तर तसे सरळ सांगावे, समोरच्याच्या अंगावर घाण टाकू नये. आणि आपल्याच देशातल्या माणसाला, तो ईशान्येकडचा असो की बिहारचा, जन्मस्थानावरून हॉटेलात प्रवेश नाकारता येत नाही, हे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात लिहिलेले आहे.

निरांजन

सर्वांचे प्रतिसाद वाचले. ओतारूच्या दोन बहिणींचे उदाहरण मला निरुत्तर करणारे आहे, हे मान्य करतो. तरी माझी एक शंका उरते. नळ काढा, पडदा बदला, हे सर्व खर्च यजमानानेच करायचे आणि पाहुण्यावर कोणतीच जबाबदारी नाही, असे होऊ नये.

दीपस्तंभ

जबाबदारी जरूर आहे, पण ती ज्याने नुकसान केले त्या पाहुण्याची. एअरबीएनबीवर पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांच्या आत छायाचित्रे आणि पावत्यांसह भरपाई मागता येते, आणि अभिप्राय देतानाही पाहुण्याच्या स्वच्छतेला वेगळे गुण देता येतात. त्यासाठी प्रत्येक मुक्कामाच्या आधी आणि नंतर छायाचित्रे काढण्याची सवय हवी. हे काम कंटाळवाणे आहे, आणि मला वाटते की देशावरून नकार देण्याचा मोह त्या कंटाळ्यातूनच येतो.

आणि आपण मराठी माणसांनी तर "वास" या शब्दापाशी थांबायलाच हवे. मुंबईत मासे-मटणाच्या वासाचे कारण सांगून मराठी कुटुंबांना घरे नाकारली जातात, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला होता. इथे अमेरिकेतही गुजराती कुटुंबांनी मोटेल चालवायला घेतली तेव्हा शेजारच्या मोटेलांनी "अमेरिकन मालकीचे" अशा पाट्या लावल्या होत्या. त्या पाट्यांचा गर्भित अर्थ हाच होता, की पलीकडे वास येतो आणि पलीकडे घाण असते. बँका आणि विमा कंपन्यांचे नकार सोसून त्या लोकांनी १९८९ मध्ये आपली राष्ट्रीय संघटना उभी केली. ताईंच्या घरी उतरू न शकलेले कोल्हापूरकर कदाचित त्याच रात्री अशा एखाद्या मोटेलात राहिले असतील.

ओसरी

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. उशीर झाला, कारण आधी काही करून मगच लिहायचे ठरवले होते.

टबाशेजारी हाताने धरायचा दांडा बसवला, पडदा टबाच्या आत पुरेल एवढा लांब घेतला, आणि आत एक प्लास्टिकचे ठेंगणे स्टूल व मग ठेवला. ज्याला बसून अंघोळ करायची त्याने टबाच्या आतच बसावे. दाराजवळच्या फुगलेल्या पट्ट्या काढून तिथे दोन फूट फरशी घातली. शेगडीवरचा पंखा बाहेर हवा टाकतच नव्हता, गाळून पुन्हा खोलीत सोडत होता, हे मला चार वर्षांनी कळले. आता त्याची नळी भिंतीतून बाहेर काढली आहे. दुरुस्तीच्या माणसाने अलार्म ओट्यापासून दूर, पलंगाच्या बाजूला हलवला, आणि त्याच्याखाली इंग्रजी, स्पॅनिश, हिंदी व चिनी भाषांत एकच वाक्य लिहिले आहे: हा काढू नका, खिडकी उघडा आणि मला फोन करा. पांढरी दुलई बदलून गडद रंगाची घेतली. सफाईचे पैसे सर्वांना सारखेच आहेत, आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ लागला तर तो वेगळा आकारला जाईल, हे आरक्षणापूर्वीच लिहिले आहे. निरांजन, यात पाहुण्याचीही जबाबदारी आली. यापुढे विनंत्या ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने स्वीकारायच्या, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. पतींना ते अजून पूर्ण पटलेले नाही, पण त्यांनी मान्य केले.

त्या कोल्हापूरकडच्या कुटुंबाला मी खरे काय ते लिहून क्षमा मागितली. दुरुस्तीचे काम नव्हते, तुमचे आडनाव पाहून मी नकार दिला होता, असे सरळ लिहिले. निरोप वाचल्याची खूण दिसते. उत्तर आलेले नाही, आणि ते देण्यास ते बांधील नाहीत.

पागोळी, ती जुनी दुलई चार दिवस मागच्या अंगणात उन्हात टाकली होती. लाल डाग साध्या पाण्याने पुन्हा पिवळा झाला आणि चौथ्या दिवशी शोधूनही नीट दिसेना. ती आता आमच्या पलंगावर आहे.